बंद दारापुढचं दूध

मावशीला अडवून ठेवलंय असा फोन आला, तेव्हा मी दुकानात एका बाईंना कुकरची शिटी बसवून दाखवत होतो. फोन हुबळीतल्याच उणकलहून होता. तिथं तळ्याच्या पलीकडे बेघरांसाठी सरकारी घरकुलं बांधून तयार होती आणि त्या इमारतींचा वॉचमन बोलत होता. बोलत कसला, ओरडत होता. "अण्णा, निम्म अक्कार इल्लि बेंकि हच्यार री!" तुमच्या अक्कांनी इथं जाळ केलाय. माझी मावशी सत्तरीला आलेली, देवळाबाहेर दुसऱ्याच्या चपलासुद्धा सरळ लावून ठेवणारी बाई. ती कुठं आणि कशाला जाळ करणार? शिटी त्या बाईंच्याच हातात ठेवली, शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, कमरीपेठेत एका टेलरच्या दुकानात कटर होते. शर्टाचं कापड कापण्यात त्यांचा हात असा बसलेला की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांना त्याची छाती किती ते कळायचं. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात राबले आणि जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले. खोली दुकानाच्या मागच्याच बोळात, वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, उभाच्या उभा, दोन्ही हातांनी धरून चढायचा. काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांना त्या जिन्यावरून चादरीत घालून खाली आणलं, दवाखान्यातून परत आल्यावर तसंच वर नेलं, आणि त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की दुर्गदबैलात चक्कर मारून, चार जणांशी वाद घालून, मगच जेवायला येणारा हा माणूस. आता खाटेवर पडून बोळातले आवाज ओळखायचा. "हा आला बघ पानवाला," म्हणायचा. हाकही मारायचा, पण झटक्यानंतर आवाज असा बारीक झाला होता की खालच्याला ती ऐकू जायची नाही. खालचा मुकाट निघून जायचा आणि काका बराच वेळ आढ्याकडे बघत राहायचे.

म्हणून सरकारी घरकुलांची सोडत निघाली तेव्हा मी स्वतः हौसेनं मावशीला घेऊन कचेरीत गेलो. स्वतःचं घर नसलेल्यांसाठी घरं होती, आणि घरात कुणी अपंग असेल तर तळमजला मिळणार होता. आम्हाला हवा होता तो तळमजला. घर लहान की मोठं, रंग कुठला, नळाला पाणी कधी, यातलं काही मावशीनं विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, "दारातनं खुर्ची थेट रस्त्यावर काढता येईल की नाही?" येईल, म्हणाले. सोडतीत तिचं नाव निघालं, घर तळमजल्याचंच मिळालं, आणि मी आमच्या बाजारातल्या सगळ्या दुकानांत पेढे वाटून मोकळा झालो. मिरजेकडून इथं येऊन आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या, पण सरकारकडून काही मिळाल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

पेढे संपले आणि वाट बघणं सुरू झालं. इमारत पूर्ण होती. रंग झाला, टाक्या बसल्या, दिव्यांची बटणं बसली, दारांना कुलपं लागली. फक्त किल्ल्या मिळत नव्हत्या. का? तर बेंगळुरूहून मोठे साहेब उद्घाटनाला यायचे होते आणि त्यांची तारीख मिळत नव्हती. एकदा तर मांडव घातला, त्यांचं येणं रद्द झालं, मांडव काढला. मी दर आठवड्याला कचेरीत विचारायचो आणि खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणायच्या, "नाळे बर्री." उद्या या. मला त्या उद्याचा इतका वैताग आला की घरात कुणी उद्या म्हटलं तरी मी खेकसायला लागलो. बांधलेलं घर, ज्याला हवं तो माणूस, आणि मध्ये एक फीत, जिला कात्री लागत नाही! फीत कापायलाच माणूस हवा असेल तर आमचे काका जन्मभर कापतच आले होते की. एका हातानंही त्यांनी ती सरळ कापली असती.

मावशीला मोठ्या साहेबांची फिकीर नव्हती. तिला फिकीर होती आषाढाची. आमच्याकडे काय आणि इथल्या कन्नड घरांत काय, आषाढात नव्या घरात कुणी पाऊल टाकत नाही. ज्येष्ठ सरत आला तशी ती पंचांग घेऊन बसायला लागली. आणखी एक रीत इथं सगळेच पाळतात. सामान हलवायला उशीर असेल तर आधी चांगला दिवस बघून नव्या घरात नुसतं दूध उतू घालवून यायचं. नव्या पातेल्यात दूध तापवायचं, ते पूर्वेकडून उतू गेलं की घर आपलं झालं, मग बाडबिस्तरा कधी का येईना. मावशीनं सरळ हिशेब केला. किल्ली आषाढात मिळाली तर आपलं घोडं श्रावणापर्यंत अडणार, काका आणखी महिनाभर माळ्यावर. त्यापेक्षा दूध ज्येष्ठातच घालवून ठेवावं. दाराला कुलूप आहे हा तिच्या लेखी किरकोळ मुद्दा होता.

मी पोचलो तर ती आपल्या त्या बंद दारापुढे पायरीवर बसलेली. इमारतीच्याच तीन विटा मांडलेल्या, त्यात नारळाच्या शेंड्या धुमसत होत्या, वर माझ्याच दुकानातलं नवं पातेलं. चौकटीला हळदकुंकू, उंबऱ्यावर रांगोळी. आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढा काळाकुट्ट धूर. वॉचमन मोबाईल घेऊन चारी बाजूंनी फोटो काढत होता.

मला बघून मावशीचा चेहरा फुलला. "अरे, उतू गेलं बघ! अगदी पूर्वेला गेलं!"

"मावशी, अगं दाराला कुलूप आहे आणि तू बाहेर कसलं दूध घालवतीस?"

"किल्ली त्यांच्या हातात आहे. मुहूर्त पण त्यांच्याच हातात आहे होय?"

मी वॉचमनला समजावलं, हातापाया पडलो. तोही वाईट माणूस नव्हता. मावशीनं दिलेलं प्रसादाचं दूध त्यानं आधी पिऊन घेतलं, तोंड पुसलं, आणि मग फोटो साहेबांना पाठवले. "नन्न ड्यूटी री," म्हणाला, माझी ड्यूटीच आहे. मावशी परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागं बसून गुणगुणत होती. घरी गेल्यावर तिनं काकांच्या ओठांना दुधाचं बोट लावलं आणि म्हणाली, "झालं हो. आता कधीपण जाता येतंय." काका अर्ध्या तोंडानं हसले.

मोठ्या साहेबांना तारीख मिळाली ती नेमकी आषाढात. मांडव, कर्णे, लाल खुर्च्या, हारांचे ढीग. एकेकाचं नाव पुकारून किल्ली देत होते. नातेवाईक फोटो काढत होते. ज्यांना किल्ल्या मिळाल्या ते त्या कपाळाला लावून घरी घेऊन जात होते आणि देव्हाऱ्यात ठेवत होते, कारण आषाढ. मी टेम्पो ठरवून ठेवला होता. अख्ख्या इमारतीत त्याच दिवशी राहायला जायला तयार असलेलं कुटुंब एकच होतं, आमचं. आणि नाव पुकारलं नाही ते एकच, आमचं. मावशी शेवटची खुर्ची उचलेपर्यंत मांडवात बसून होती. तिला वाटत होतं, चुकून राहिलं असेल, आता पुकारतील.

चुकून नव्हतं. कचेरीत कळलं की तिच्या घराची चौकशी लागली आहे. ताबा देण्याआधीच बेकायदा ताबा घेतला, आवारात स्वयंपाक केला, सरकारी भिंतीचं नुकसान केलं. स्वयंपाक! मी खिडकीवर मूठ आपटली. "अहो बाई, दूध होतं! गृहप्रवेशाचं दूध!" त्या बाईंना दुधाचं कळत होतं, त्यांच्याही कपाळाला कुंकू होतं, पण त्या म्हणाल्या, "साहेबांना भेटा."

साहेब भेटले तेही भले निघाले, हाच माझा मोठा वांधा झाला. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी चहा मागवला, फोटो बघून मनापासून हसले. "नमदू हंगे री," म्हणाले, आमचंही तसंच. स्वतःचं घर बांधताना त्यांनीही आषाढ टाळायला नुसत्या स्लॅबखाली दूध घालवून घेतलं होतं. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पण आगंगिल्लरी." जमणार नाही. फोटो वर गेलेत, चौकशी बंद व्हायला भिंत पहिल्यासारखी दिसायला हवी.

एवढंच ना? दुसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याला घेऊन गेलो. वॉचमननं आम्हाला फाटकातच अडवलं. चौकशी चालू असताना डागाला हात लावायचा नाही, असा त्याला हुकूम होता. डाग गेल्याशिवाय चौकशी बंद होत नाही आणि चौकशी बंद झाल्याशिवाय डाग घालवायचा नाही. रंगारी माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला वडापाव खायला घालून परत पाठवलं, आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण ओरडलो.

मग श्रावण आला. दरम्यान किल्ली मिळूनही कुणी राहायला येत नाही, म्हणजे या लोकांना घराची गरजच नाही, असं कचेरीतल्या कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं. सगळ्यांना नोटिसा निघाल्या. घर वापरात नाही, रद्द का करू नये? इतकी वर्षं हुबळीत नोकरी करून ज्याला आषाढ कळत नाही, त्याच्यापुढे हात टेकले. लोक धावले. श्रावणातल्या पहिल्याच चांगल्या दिवशी घराघरांत दूध उतू गेलं, इमारतभर धूर झाला, आणि त्याचे फोटो कुणी काढले नाहीत. मावशीलाही तीच नोटीस आली. किल्ली न दिलेल्या बाईला, राहायला का आली नाहीस म्हणून!

मी ती नोटीस घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटलं, एका कागदावर ही बाई लवकर घुसली म्हणता, दुसऱ्यावर आलीच नाही म्हणता, यातलं खरं कुठलं ते तरी सांगा. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले, आणि शांतपणे म्हणाले, "दोन्ही नियमाप्रमाणे बरोबर आहे." चिडून काही बोलणार तोच ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात त्यांची बदली झाली.

इकडे कमरीपेठेत घरमालकानं वेगळंच काढलं. जुनं बांधकाम पाडून त्याला खाली दुकानगाळे काढायचे होते, आणि दसऱ्यानंतर खोली मोकळी करा म्हणाला. तोही किती थांबणार? त्याच्याच मंडळींनी आमचे पेढे खाल्ले होते. मी मावशीला म्हटलं, माझ्याकडे चला. पण मीही दुकानावरच्या माळ्यात राहतो, तिथला जिना त्यांच्याहून अरुंद, आणि हे तिला ठाऊक होतं. ती नुसती म्हणाली, "तुझ्याकडं आल्यावर तरी काय, परत वरच की रे."

नवे साहेब चटपटीत होते. पहिल्याच भेटीत म्हणाले, "तुमचं काम आज करून टाकतो." मला क्षणभर त्यांचे पाय धरावेसे वाटले. तळमजल्याचं घर वादातलं आहे, ते देता येत नाही, पण त्याच इमारतीत एक घर शिल्लक आहे, किल्ली आजच घेऊन जा. कुठल्या मजल्यावर? तिसऱ्या. लिफ्ट? "लिफ्टची जागा ठेवलीय."

ती जागा मी पाहिली होती. भिंतीत एक उभं भोक होतं आणि त्यात लोकांनी केळीची सालं टाकायला सुरुवात केली होती. माझं डोकं फिरलं. मी साहेबांना विचारलं, ज्या माणसाचे पाय चालत नाहीत म्हणून घर दिलं, त्याला तिसऱ्या मजल्यावर नेऊन काय वाळत घालायचं आहे? साहेबांनी न रागावता ऐकून घेतलं. इमारत तीच, घर तेवढंच, खोल्या तेवढ्याच, म्हणाले. नको असेल तर लिहून द्या, पुढच्या सोडतीत बघू.

बाहेर येऊन मी मावशीला म्हटलं, अजिबात घ्यायचं नाही. मी वर तक्रार करतो, पेपरात देतो, वकील बघतो. मी खरंच करणार होतो, माझ्या अंगात आलं होतं. ती कचेरीच्या कट्ट्यावर बसून माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "भांड की. तू भांड. तोवर आम्ही दोघं कुठं राहायचं, ते सांग." तिनं आत जाऊन किल्ली घेतली.

दसरा झाल्यावर आम्ही काकांना खाली उतरवलं. टेलरच्या दुकानातले जुने कारागीर मदतीला आले. काकांना एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, कमरेला मावशीची जुनी साडी बांधली, आणि एकेक पायरी करत आणलं. बोळात येताच त्यांच्याभोवती माणसं जमली. पानवाला आला, त्यानं त्यांच्या बऱ्या हातात पान ठेवलं. काका प्रत्येकाकडे टक लावून बघत होते. आवाजावरून ज्यांना ओळखत होते त्यांचे चेहरे आता किती म्हातारे झाले ते ताडून बघत असावेत. टेम्पोत चढवेपर्यंत त्यांचा चेहरा लग्नाला निघालेल्या माणसासारखा होता. तिसऱ्या मजल्याचं त्यांना आम्ही सांगितलेलं नव्हतं. मावशी म्हणाली होती, तिथं गेल्यावर सांगू.

उणकलला टेम्पो थांबला, खुर्ची खाली उतरवली. तळमजल्याचं ते घर समोरच होतं. त्याचं दार उघडं होतं आणि आत उद्घाटनाच्या लाल खुर्च्या एकावर एक रचून छतापर्यंत लागल्या होत्या. भिंतीवरचा डाग तसाच. काकांनी घराकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, आणि जिन्याकडे वळलेल्या कारागिरांकडे बघितलं. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. मावशीनं फक्त पदर तोंडाला लावला.

"थांबा," ते म्हणाले. आम्ही थांबलो.

"घटकाभर बसू द्या हितं."

म्हणून बसू दिलं. सामान वर गेलं, गादी गेली, शिलाईचं जुनं मशीन गेलं. काका इमारतीसमोर, रस्त्याच्या कडेला, आपल्या खुर्चीत बसून होते. शाळेतून पोरं आली. एक म्हशीवाला गेला, काकांनी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं थांबून वाकून ऐकलं आणि उत्तर दिलं. शेजारची एक बाई घरातनं चहा घेऊन आली, कुठले तुम्ही म्हणून बोलत उभी राहिली. काका बोलत होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं, अडखळत, लाळ पुसत, पण बोलत होते. मी रागानं आतल्या आत फुटत होतो आणि तरी तिथून हलवत नव्हतं. कारागिरांना परत जायचं होतं, त्यांनी तसं दोनदा सुचवलं. उजेड कमी व्हायला लागला तेव्हा मीच म्हटलं, चला काका.

"अजून थोडं," ते म्हणाले. "आता परत खाली कधी येणार मी?"

चौघांनी चारी बाजूंनी खुर्ची उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी आणली. पहिली पायरी चढणार तेवढ्यात खुर्ची अडकली. मला वाटलं, कोपरा कुठं घासला. बघितलं तर काकांनी आपल्या बऱ्या हातानं जिन्याचा सगळ्यात खालचा गज धरून ठेवला होता. कारागीर ओढत होते, ते सोडत नव्हते. जन्मभर कात्री धरलेला हात होता, त्याच्यात अजून चांगलीच ताकद होती. "काका, सोडा," मी म्हटलं.

मावशी दोन पायऱ्या वर गेलेली होती. ती परत खाली आली, त्यांच्यापाशी उकिडवी बसली, आणि तिनं त्यांचं एकेक बोट गजावरून सोडवलं.